ओटीपी कोणाच्या फोनवर? डिजिटल दरी आणि समाजकार्याच्या वाटा

2025 च्या सप्टेंबरात महाराष्ट्र सरकारने ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेतल्या बायकांना ई-केवायसी सक्तीची केली. बाईने आधी स्वतःचा आधार क्रमांक टाकायचा, आपल्या मोबाइलवर आलेला ओटीपी भरायचा. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक टाकायचा आणि त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपीही भरायचा, अशी पद्धत ठरली. नवरा वारलेला आणि वडीलही हयात नाहीत, अशा बाईने काय करायचे याचे उत्तर योजनेच्या संकेतस्थळावर नव्हते. घटस्फोटितेने किंवा नवऱ्याने टाकलेल्या बाईने ओटीपी मागायला कोणाच्या दारात उभे राहायचे, याचेही नव्हते. ओरड झाली, मुदत वाढली. अखेर अशा बायकांनी स्वतःपुरती केवायसी करावी आणि मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचे कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यावेत, असा मार्ग काढण्यात आला.

अडलेल्या या बायकांपैकी कित्येकींकडे फोन होता, रेंज होती, रिचार्जही मारलेले होते. डिजिटल दरी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर फोन नसलेला माणूस येतो. इथे फोन हातात असूनही बाई अलीकडच्याच काठावर राहिली, कारण प्रत्येक बाईमागे ओटीपी सांगणारा एक पुरुष असतोच, असे ती प्रणाली रचणाऱ्यांनी धरून चालले होते. आणि तिची सुटका झाली ती कागद हातात घेणाऱ्या, गावातल्याच दुसऱ्या एका बाईपाशी.

गेल्या पाव शतकाहून अधिक काळात ही दरी बुजवण्यासाठी भारतात खूप प्रयोग झाले. संगणक केंद्रे निघाली, प्रशिक्षणे झाली, सायकलवरून गावोगाव फिरणाऱ्या ‘साथी’ आल्या, भोंग्यावरच्या शाळा भरल्या, न्यायालयात याचिका गेल्या. त्या सगळ्यांकडे एकत्र पाहिले की एक गोष्ट ठळकपणे दिसते. ज्या कामांनी ‘लोकांना यंत्रापर्यंत न्यायचे’ एवढेच ध्येय धरले, त्यांचा जोर यंत्र जुने होईपर्यंत टिकला. ज्यांनी माणसाचे अडलेले काम हातात घेतले, त्यांचे महत्त्व यंत्र बदलले तरी राहिले. समाजकार्याची या प्रश्नातली जागा दुसऱ्या बाजूला आहे, आणि ती ठामपणे सांगण्याची वेळ आली आहे, असे मला वाटते.

दरी नेमकी कशाची

1995 मध्ये अमेरिकेच्या वाणिज्य खात्यातल्या दूरसंचार प्रशासनाने कोणाच्या घरी टेलिफोन, संगणक आणि मोडेम आहे याची पाहणी प्रसिद्ध केली. तिथून या चर्चेला सरकारी वजन आले. तेव्हा प्रश्न आहे-नाहीचा होता. पुढे नेदरलँड्सचे अभ्यासक यान व्हॅन डाइक यांनी दरीच्या चार पायऱ्या मांडल्या: वापरावेसे वाटणे, साधन हाती असणे, वापरता येणे, आणि प्रत्यक्ष उपयोग होणे. एक पायरी चढली म्हणून पुढची आपोआप चढता येत नाही, हे त्यांच्या मांडणीचे सार.

आपल्याकडचे आकडे या पायऱ्यांवर ठेवून पाहावेत. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 75 व्या फेरीत, म्हणजे 2017-18 मध्ये, देशातल्या 23.8 टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. शहरात हे प्रमाण 42 टक्के, तर खेड्यात 14.9 टक्के होते. करोनाच्या काळात चित्र झपाट्याने पालटले. शिक्षणाच्या स्थितीवरच्या ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरांपैकी 2018 मध्ये 36.5 टक्के घरांत स्मार्टफोन होता. 2020 मध्ये हे प्रमाण 61.8 टक्क्यांवर गेले. 2023 च्या ‘असर’मध्ये 14 ते 18 वयाच्या जवळपास 90 टक्के मुलामुलींच्या घरी स्मार्टफोन आढळला. साधनाची पायरी बरीचशी चढून झाली.

पण त्याच पाहणीत, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी 43.7 टक्के जणांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी फक्त 19.8 टक्के जणींकडे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 2019 ते 2021 या काळात, महाराष्ट्रात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका 38 टक्के निघाल्या आणि पुरुष 61.5 टक्के. म्हणजे दरी आता गावागावांमधून घराघरांत शिरली आहे. फोन घरात आहे, पण तो कोणाच्या खिशात असतो, रात्री कोणाच्या उशाशी असतो आणि त्याचा पासवर्ड कोणाला ठाऊक असतो, हे प्रश्न मनोऱ्यांची संख्या वाढवून सुटत नाहीत. तिथे घराचा उंबरा ओलांडून आत जाणारी माणसेच लागतात.

मनोऱ्यांचा प्रश्न संपला, असे मात्र कोणी समजू नये. 2020 च्या पावसाळ्यात सिंधुदुर्गात कणकवली तालुक्यातल्या दारिस्ते गावी एका विद्यार्थिनीने रेंज मिळते म्हणून डोंगरावर झोपडी उभारून अभ्यास केला. पालघर जिल्ह्यात मुंबईच्या आयआयटीने ‘ग्राममार्ग’ प्रकल्पातून दूरचित्रवाणीच्या न वापरलेल्या लहरींवरून खेड्यांत इंटरनेट नेऊन दाखवले. डोंगरी आणि आदिवासी पट्ट्यांत असे काम अजून हवेच आहे.

पहिली पिढी: गावात आलेला संगणक

या वाटेवरचा आपल्या घरचा धडा वारणेचा. 1998 मध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या 70 गावांत केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा सहकारी समूह यांनी मिळून संगणक केंद्रे काढली. शेतकऱ्याला बाजारभाव कळावेत, शेतीचा सल्ला मिळावा, जगाची माहिती हाताशी यावी, अशी मोठी कल्पना होती. प्रत्यक्षात केंद्रे चालली ती मुख्यतः उसाच्या हिशेबासाठी: किती टन ऊस गेला, बिल किती निघाले, खताची उचल किती. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो तोयामा यांनी हा वापर बारकाईने पाहिला आणि सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल व एसएमएस ठेवून पाहिले. शेतकऱ्यांचे काम अडले नाही, उलट स्वस्तात झाले. जे काम लोकांना खरोखर हवे होते त्याला साधा फोन पुरला. जे काम लोकांच्या वतीने इतरांनी ठरवले होते, त्यासाठी आणलेली यंत्रे तशीच राहिली.

तोयामा यांनी पुढे 2015 च्या ‘गीक हेरसी’ या पुस्तकात यातून एक सिद्धांत मांडला. तंत्रज्ञान माणसांची मुळातली इच्छाशक्ती आणि क्षमता वाढवते. नसलेली क्षमता ते निर्माण करत नाही. वारणेत साखर कारखाना, दूध संघ, बँक आणि शाळा हे सहकाराचे जाळे आधीपासून होते, म्हणून संगणकाला निदान ऊस तरी मिळाला. हे जाळे नसलेल्या ठिकाणी काय होते, ते मध्य प्रदेशच्या धार जिल्ह्यात दिसले. तिथला 2000 सालचा ‘ज्ञानदूत’ प्रकल्प आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळवूनही वीज, जोडणी आणि कमी वापर यांपायी रोडावला.

दिल्लीच्या कालकाजी भागात 1999 मध्ये सुगाता मित्रा यांनी भिंतीत बसवलेला संगणक जगभर गाजला. मुले स्वतःहून शिकतात, शिक्षक लागत नाही, हा त्याचा संदेश होता. मुले माउस चालवायला शिकली, हे खरेच. पण अभ्यासक मार्क वॉरशॉअर यांनी तिथे जाऊन पाहिले तेव्हा मजकूर इंग्रजीत होता आणि मुलांचा बराच वेळ चित्रे रंगवण्यात आणि खेळांत जात होता. अभ्यासक पायल अरोरा यांना उत्तराखंडात अशी केंद्रे बंद पडलेली आढळली. शिकवणारे माणूस वगळून केलेला हा प्रयोग, माणूस का लागते हेच अखेर सांगून गेला.

याच काळात पुदुच्चेरीत एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानने वेगळी सुरुवात केली. गावात यंत्र नेण्याआधी लोकांना कसली माहिती हवी ते विचारले. जागा गावाने द्यावी, पण ती सर्व जातींच्या लोकांना खुली असावी, आणि केंद्र चालवणाऱ्यांत बायका असाव्यात, यावर भर ठेवला. वीरमपट्टिणम या कोळीवाड्यात लाटांच्या उंचीचा अंदाज अमेरिकी नौदलाच्या संकेतस्थळावरून उतरवून भोंग्यावर तमिळमध्ये सांगितला जाई. समुद्रात होडी घालायची की नाही, हा त्या कोळ्याचा रोजचा आणि जिवाचा प्रश्न. त्याला संगणकाला हात लावावाच लागला नाही. संगणक शिकणे आणि माहितीचा लाभ मिळणे या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, हे त्या भोंग्याने 25 वर्षांपूर्वीच दाखवून दिले.

दुसरी पिढी: साक्षरतेची मोहीम

केंद्रांनंतर भर आला शिकवण्यावर. महाराष्ट्रात 2001 साली स्थापन झालेल्या ‘एमकेसीएल’ने एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम तालुक्यातालुक्यांत नेला आणि नोकरीच्या उमेदवारांची एक पिढी संगणकाशी ओळख करून पुढे गेली. मात्र फी भरून परीक्षेला बसणाऱ्यांसाठीच ती वाट होती. उरलेल्यांसाठी केंद्र सरकारने 2017 मध्ये प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान आणले. सहा कोटी ग्रामीण कुटुंबांतल्या प्रत्येकी एका व्यक्तीला वीस तासांचे प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट होते, आणि 2024 च्या मार्चमध्ये अभियान संपेपर्यंत कागदावर ते पारही पडले.

घरातली एक व्यक्ती शिकली म्हणजे घर शिकले, हे त्यामागचे गृहीत. पण घरातून कोणाला पाठवायचे हे घरच ठरवते आणि बहुतेक ठिकाणी थोरला मुलगा जातो. शिवाय वीस तासांत शिकलेले हात चालवत ठेवायला स्वतःचा फोन आणि रोजचे निमित्त लागते. दोन्ही नसले की प्रमाणपत्र ट्रंकेत जाते आणि बाई पुन्हा ‘जरा बघ रे, हे काय आलंय’ म्हणत पुतण्याकडे जाते.

हे ओळखून केलेले दोन प्रयत्न लक्षात घेण्यासारखे आहेत. गुगल आणि टाटा ट्रस्ट्स यांनी 2015 मध्ये सुरू केलेल्या ‘इंटरनेट साथी’ उपक्रमात गावातल्याच बाईला प्रशिक्षण आणि साधने दिली गेली आणि तिने आसपासच्या गावांत सायकलवरून जाऊन बायकांना शिकवायचे ठरले. शिकवणारी बाई, शिकायची जागा ओसरी आणि वेळ दुपारची, घरकाम उरकल्यावरची. त्यामुळे ‘बाईला कशाला हवा फोन’ हा प्रश्न उंबऱ्यातच सौम्य झाला. हा प्रश्न साधा नाही. 2016 मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातल्या सूरज गावाने अविवाहित मुलींना मोबाइल वापरायला बंदीच घातली होती. अशा ठिकाणी सासूशी, भावाशी, सरपंचाशी बोलत राहणे हा अभ्यासक्रमाच्या बाहेरचा भाग वाटतो, पण काम तिथेच होते किंवा फसते.

दुसरा प्रयत्न केरळचा. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या पुल्लंपारा पंचायतीने घरोघर पाहणी करून कोणाला काय येत नाही ते आधी नोंदले. मग स्वयंसेवक लोकांकडे गेले: घरी, कुटुंबश्री या महिला गटांच्या बैठकीत आणि रोजगार हमीच्या कामावर, जेवणाच्या सुट्टीत. 2022 मध्ये ही पंचायत पूर्ण डिजिटल साक्षर जाहीर झाली. तीच पद्धत राज्यभर नेऊन ऑगस्ट 2025 मध्ये केरळने संपूर्ण राज्यही तसे जाहीर केले. वयाची वरची मर्यादा नव्हती, म्हणून नव्वदीतल्या आज्याही शिकल्या. केरळकडे नव्वदच्या दशकाच्या आरंभीच्या साक्षरता मोहिमेचा वारसा होता आणि कुटुंबश्रीचे जाळे होते. महाराष्ट्रात ‘उमेद’ आणि ‘माविम’चे बचत गट, बँक सखी, कृषी सखी आणि समूह संसाधन व्यक्ती हे तितकेच दाट जाळे आहे. त्याला हे काम नीट, मानधनासह दिले तर वाट आपल्यालाही दूर नाही.

मधले माणूस

प्रत्येकाने सगळे शिकावे ही अपेक्षा मात्र मला न्याय्य वाटत नाही. सत्तरीतल्या शेतकऱ्याला उत्पन्नाचा दाखला वर्षातून एकदा लागतो. त्यासाठी त्याने पोर्टल शिकावे, की त्याचे काम प्रामाणिकपणे करून देणारे कोणी असावे? 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने बांधावर जाऊन ॲपमध्ये पिकाचा फोटो टाकायचा. एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करण्याची सोय ठेवावी लागली आणि पुढे गावपातळीवर सहायकही नेमावे लागले. सातबारावर पीक चढले नाही तर विमा आणि नुकसानभरपाई दोन्ही अडतात. म्हणून मधल्या माणसाला व्यवस्थेने मान्यता दिली, हे बरेच झाले.

आज हे मधले माणूस बहुतेक ठिकाणी आपले सरकार सेवा केंद्राचा चालक असतो किंवा झेरॉक्सवाला. त्याच्यावाचून तालुक्याचे पान हलत नाही. पण त्याचे उत्पन्न अर्जांच्या संख्येवर असते. ठरलेल्या दरापेक्षा जास्त पैसे घेतल्याच्या तक्रारी होतात. माणसाचा आधार, पासबुकाचा फोटो, कधी ओटीपीही त्याच्याकडे राहतो. अर्ज नाकारला गेला तर का नाकारला, हे सांगायला त्याला वेळ नसतो आणि त्याचे ते कामही नसते.

प्रशिक्षित कार्यकर्तीची सोबत इथे वेगळी ठरते. एखाद्या मदत केंद्रावर चांगले काम कसे चालते ते जवळून पाहावे. कार्यकर्ती आधी विचारते, कोणते काम अडले आहे? फोन बाईच्याच हातात राहतो. ती बोट कुठे ठेवायचे ते दाखवते, पण दाबते बाईच. आलेला मेसेज मोठ्याने वाचून त्याचा अर्थ सांगते आणि ‘हा आकडा मलासुद्धा सांगू नका, तुम्हीच टाका’ असे बजावते. अर्जाचा क्रमांक आणि तारीख वहीच्या कागदावर लिहून देते, कारण स्क्रीन बंद झाली की तो क्रमांक गेलाच. आधारचा फोटो आपल्या फोनमध्ये ठेवत नाही. घ्यावाच लागला तर तिच्यासमोर पुसते. थंब लागला नाही तर ‘उद्या या’ म्हणून परत पाठवत नाही. दुसरा कोणता मार्ग नियमात आहे ते शोधते. आणि त्याच कारणाने दहा जणी परतल्या असतील तर त्यांची नावे एकत्र करून तहसीलदारांकडे जाते. यातली पहिली सगळी पावले कौशल्याची आहेत, शेवटचे पाऊल समाजकार्याचे आहे.

गोपनीयता, संमती आणि माणसाचा स्वतःच्या निर्णयावरचा हक्क ही या व्यवसायाची जुनी मूल्ये. अमेरिकेतल्या समाजकार्याच्या चार संघटनांनी 2017 मध्ये तंत्रज्ञानाच्या वापरासाठी स्वतंत्र मानके प्रसिद्ध केली. भारतात समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण 1936 पासून, मुंबईत आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या स्थापनेपासून सुरू आहे. व्हॉट्सॲपवर लाभार्थ्यांच्या याद्या सर्रास फिरत असताना आपल्या मातीतली अशी मानके प्रत्येक महाविद्यालयात शिकवली जायला हवीत.

मधल्या माणसाचा विचार करताना अंगणवाडी सेविकेला विसरून चालणार नाही. 2021 मध्ये पोषणाच्या नोंदींसाठी ‘पोषण ट्रॅकर’ ॲप आले. ते इंग्रजीत होते आणि सरकारने दिलेले फोन त्याच्या ओझ्याने बंद पडत होते. त्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. ज्या बाईच्या भरवशावर आपण गावाची दरी बुजवू पाहतो, तिलाच दरीच्या काठावर उभे केले होते. बाळाचे वजन करण्याचा वेळ नोंद करण्यात जात असेल तर तिचा विरोध रास्तच होता. भाषा, चालणारा फोन, डेटाचे पैसे आणि कामाच्या वेळेचा मान या तिच्या मागण्या म्हणजे डिजिटल समावेशनाचा पहिला जाहीरनामाच म्हणायला हवा.

आवाजाची वाट

अक्षर आणि स्क्रीन यांना वळसा घालून आवाजाने पोचणे ही आपल्या देशातली सर्वात कल्पक वाट आहे. पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी 2010 मध्ये छत्तीसगडात ‘सीजीनेट स्वर’ सुरू केले. साध्या फोनवरून क्रमांक फिरवायचा, आपल्या बोलीत बातमी किंवा तक्रार सांगायची. संपादक पडताळून ती खुली करत आणि दुसरे कोणीही फोन करून ती ऐकू शके. रोजगार हमीची थकलेली मजुरी, बंद हातपंप, न येणारा शिक्षक अशा गोष्टी गोंडी आणि कुडुखमध्ये नोंदल्या गेल्या. ऐकणाऱ्या शहरी माणसांनी संबंधित अधिकाऱ्याला फोन केले आणि कित्येक कामे मार्गी लागली. ज्या भाषेला वर्तमानपत्र नव्हते, तिला यामुळे व्यासपीठ मिळाले.

साताऱ्यात म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या माणदेशी फाउंडेशनने 2008 मध्ये ‘माणदेशी तरंग’ हे समुदाय रेडिओ केंद्र काढले. तिथल्या बायकांना 1997 पासून स्वतःची सहकारी बँक होती. आधी बचत, मग धंदा, मग रेडिओ आणि फोनवरचे व्यवहार असा तो क्रम आहे. बाईला खात्यातल्या पैशांची काळजी असते म्हणून ती बँकेचा मेसेज वाचायला शिकते. गरज पुढे आणि यंत्र मागे, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा पालघरच्या दांडवळ गावात दिगंत स्वराज फाउंडेशनने ‘बोलकी शाळा’ भरवली. कार्यकर्ते भोंगा घेऊन फिरले, धडे ऐकवले आणि मुले अंतर ठेवून बसली. सोलापुरात निलमनगरच्या आशा मराठी विद्यालयाने वस्तीतल्या भिंतींवर धडे रंगवले. यंत्रमाग आणि विडी कामगारांची मुले येता-जाता वाचू लागली. ज्या महिन्यांत ऑनलाइन वर्ग हा एकच शब्द सगळीकडे ऐकू येत होता, त्या महिन्यांत या मंडळींनी मुले मोजली आणि मग माध्यम निवडले.

दुसऱ्या दाराचा हक्क

इथवरच्या वाटा माणसाला व्यवस्थेपर्यंत नेणाऱ्या आहेत. एक वाट उलट दिशेची आहे, व्यवस्थेला माणसापाशी आणणारी. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेच्या पाठपुराव्याने सप्टेंबर 2019 मध्ये ‘जन सूचना पोर्टल’ सुरू झाले. रेशन कोणाला किती गेले, रोजगार हमीवर कोणाचे किती दिवस भरले, ही माहिती अर्ज न करता गावागणिक खुली झाली. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातले चौथे कलम हेच सांगते. इथे संगणक सरकारने नागरिकावर ठेवलेली नजर राहिला नाही. नागरिकाने सरकारवर ठेवलेली नजर झाला.

ही दिशा का महत्त्वाची ते अमेरिकी अभ्यासक व्हर्जिनिया युबँक्स यांच्या 2011 च्या पुस्तकात नेमके सापडते. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय शहरात त्या गरीब बायकांबरोबर काम करत होत्या. त्या बायकांना तंत्रज्ञान अपरिचित नव्हते. कल्याण कार्यालयात, कमी पगाराच्या नोकरीत ते रोज त्यांच्यावर पहारा ठेवत होते. आपल्याकडे 1 जानेवारी 2023 पासून रोजगार हमीच्या बहुतेक कामांवर ॲपमधून दिवसातून दोनदा फोटोसह हजेरी सक्तीची झाली. रेंज नसली की केलेले काम नोंदले जात नाही आणि मजुरी बुडते. त्या मजूर बाईला शिकवायचे तरी काय? तिला खोदाई येते. दुरुस्ती हजेरीच्या पद्धतीत व्हायला हवी.

न्यायालयांनीही हे ओळखले आहे. 31 मे 2021 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने केवळ पोर्टलवरून करोना लसीची नोंदणी करण्याच्या धोरणावर डिजिटल दरीचा मुद्दा काढून बोट ठेवले. त्याहून मोठा टप्पा 30 एप्रिल 2025 चा. ॲसिड हल्ल्यात डोळे गमावलेल्या व्यक्तींना ई-केवायसीत ‘डोळे मिचकावा’ ही सूचना पाळता येत नव्हती. अंध व्यक्तींना चेहरा कॅमेऱ्याच्या चौकटीत आणता येत नव्हता. प्रज्ञा प्रसून आणि अमर जैन यांच्या याचिकांवर न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने डिजिटल सेवा मिळणे हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निर्णय दिला आणि पर्यायी पद्धती ठेवण्याचे वीस निर्देश दिले. मुंबईत झेवियर्स महाविद्यालयातले दृष्टिहीनांसाठीचे संसाधन केंद्र दोन दशकांहून अधिक काळ हेच सांगत आले आहे: स्क्रीन रीडर माणसाकडे असला तरी संकेतस्थळाच्या बटणाला नावच दिलेले नसेल तर तो वाचणार काय?

समावेशाची एक काळी बाजूही आहे. नव्याने आत आलेला माणूस फसवणुकीला लवकर बळी पडतो. मुंबईच्या ‘पॉइंट ऑफ व्ह्यू’ संस्थेची ‘टेकसखी’ ही हेल्पलाइन मराठीसह भारतीय भाषांत बायकांच्या डिजिटल अडचणी ऐकते, न लाजवता. पैसे गेल्यास 1930 या क्रमांकावर तातडीने कळवायचे, हे प्रत्येक बचत गटाच्या भिंतीवर असायला हवे. आणि सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली, तेही याच आढाव्यात बसते. फोन कधी वापरायचा हे जसे, तसे कधी ठेवून द्यायचा हेही गावाने मिळून ठरवणे, ही डिजिटल परिपक्वताच आहे.

पुढे काय

या सगळ्यातून समाजकार्याच्या हाती चार कामे येतात: शिकवणे, सोबत करणे, योग्य माध्यम निवडणे आणि व्यवस्थेला उत्तरदायी धरणे. निधी पहिल्या कामाला सर्वाधिक मिळतो, कारण प्रशिक्षितांची संख्या मोजता येते. चौथ्याला सर्वात कमी मिळतो. म्हणून यशाची मापेच बदलायला हवीत. किती जण शिकले यापेक्षा, किती जणांची पेन्शन सुरू झाली, किती जणींचा नाकारलेला अर्ज पुन्हा मंजूर झाला आणि किती जणींना दुसऱ्यांदा मदत लागली नाही, हे मोजावे.

सरकारकडे मागण्याही स्पष्ट आहेत. प्रत्येक योजनेत ऑनलाइनच्या बरोबरीने कागदाचे किंवा प्रत्यक्ष भेटीचे दार कायम खुले असावे, आणि ते कुठे आहे हे फलकावर मराठीत लिहिलेले असावे. नवे ॲप राज्यभर लागू करण्यापूर्वी विधवा, अपंग, स्थलांतरित मजूर आणि वृद्ध यांच्याकडून ते वापरून घ्यावे. यंत्रातल्या चुकीमुळे लाभ थांबला तर तो आधी चालू ठेवावा आणि पडताळणी नंतर करावी. सेविका, आशा आणि सखी यांच्या डिजिटल कामाला वेळ व मोबदला मिळावा. प्रत्येक ग्रामसभेत वर्षातून एकदा, यंत्रामुळे कोण वगळले गेले याचे जाहीर वाचन व्हावे.

सामाजिक अंकेक्षणाची पद्धत आपल्याकडे कायद्याने रुजली आहे, बचत गट आहेत, समाजकार्याची महाविद्यालये जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. नवे काही शोधून काढायची गरज नाही. आहे ते या प्रश्नावर एकत्र आणायचे आहे. ज्या दिवशी नवरा नसलेल्या बाईचा विचार पोर्टल लिहितानाच होईल आणि तिला वगळले गेले तर जाब विचारणारी संघटित माणसे गावातच असतील, त्या दिवशी दरी कमी झाली असे म्हणता येईल. तोवर फोनांची संख्या कितीही वाढली तरी समाजकार्याचे काम बाकीच आहे.